फ्लेमिंगोंचे अर्लीकाका

अर्लीकाका कुठे वेळेवर पोहोचल्याचं मला आठवत नाही, आणि उशीर झाल्याचं त्यांनी कधी कबूल केल्याचंही आठवत नाही. लग्नात अक्षता पडून पंगत उठायच्या बेतात असायची, तेव्हा हे गृहस्थ रुमालाने कपाळ टिपत शांतपणे आत यायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडे एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "अजून लवकर आहे." कशाला लवकर आहे, ते विचारायची सोय नव्हती. विमान असो, बिर्याणी असो, डॉक्टरांनी सांगितलेलं गुडघ्याचं ऑपरेशन असो, जगातली कुठलीच गोष्ट अजून हाताबाहेर गेलेली नाही, अशी त्यांची पक्की खात्री. माझी नात ईरा पाच वर्षांची असताना म्हणाली होती, "आजी, ही इज सो नॉट अर्ली!" त्या दिवसापासून ते अर्ली अंकल झाले, आणि आम्ही त्यांना ओढून मराठीत आणलं.

मी त्यांना भाऊजी म्हणत असे. आमचे हे आणि भाऊजी दुबईतल्या देऱ्यात एका खोलीत राहायचे, एकावर एक खाट, वरच्या खाटेवर हे आणि खालच्यावर भाऊजी. मग लग्न होऊन मी आले. काय आले होते म्हणून सांगू! दोन बॅगा भरून पापड, कुरडया आणि शेवया, कारण वाळवंटात खायला काही मिळत नाही असं मला जळगावात ठाम सांगितलेलं. विमानतळाबाहेर पडल्या पडल्या समोर भलंमोठं किराणा दुकान, आणि त्यात आमच्याच जिल्ह्यातले पापड! माझा चेहरा बघून भाऊजींनी बॅग उचलली आणि म्हणाले, "वहिनी, असू द्या. लागतील."

त्या काळची मी म्हणजे एक नमुना होते. गोल्ड सूकमधून चालताना मंगळसूत्र पदराखाली झाकायची; म्हणजे ज्या गल्लीत खिडकी-खिडकीत किलोकिलोने सोनं टांगलंय, तिथले लोक माझ्या दोन वाट्यांवर टपून बसलेत! टॅक्सीवाल्याशी जळगावच्या हिंदीत इतक्या जोरात बोलायची, की तो बिचारा गाडी बाजूला घेऊन थांबायचा. आणि रोज जेवताना यांना ऐकवायची, "दोन वर्षं. फक्त दोन वर्षं. मग आपण परत." भाऊजी आमच्याकडेच जेवायला असायचे. पोळीचा तुकडा आमटीत बुडवत ते म्हणायचे, "वहिनी, परत जायचं ठरवायला अजून लवकर आहे." तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आता हे गेले, मुलाला मुलगी झाली, माझे केस पिकले, आणि मी अजून इथेच पापड तळतेय.

भाऊजींनी लग्न केलं नाही. स्थळं आली नाहीत असं नाही, मीच आणली. प्रत्येक वेळी उत्तर तेच. यथावकाश त्या स्थळांना नातवंडं झाली. देऱ्यातल्या एका ट्रेडिंग ऑफिसात पंपांचे सुटे भाग विकत त्यांनी सगळा जन्म काढला. साठी उलटली, कंपनीने नारळ दिला, आणि मग पहिल्यांदाच एका गोष्टीचं घड्याळ खरंच टिकटिक करायला लागलं. ते म्हणजे व्हिसा. इथला कायदा सरळ आहे: काम आहे तोवर तुम्ही इथले. काम संपलं की खलास. पुण्यात पुतण्याचं घर होतं, पण भाऊजी म्हणायचे, "तिथे मी पाहुणा आहे हो वहिनी. इथे मला निदान गल्लीतला चहावाला ओळखतो."

आणि नेमक्या त्या वेळी मुकादमशेठ बेसबॉलची टीम काढून बसले.

मुकादमशेठ रत्नागिरीकडचे, देऱ्यात अत्तराचे मोठे व्यापारी. त्यांचा मुलगा अमेरिकेत शिकून आला होता, आणि येताना पदवीऐवजी हा खेळ घेऊन आला. इथे पैसे देऊन खेळाडू आणणारी एक नवी लीग निघत होती. शेठनी मुलाच्या हट्टापायी तिच्यातली उम्म अल कुवैन या छोट्या अमिरातीची टीम घेतली. तिथल्या खाडीत रोहित पक्षी येतात, म्हणून टीमचं नाव फ्लेमिंगोज. एका पायावर उभं राहून दिवस काढणाऱ्या पक्ष्याचं नाव खेळाडूंच्या टीमला देऊ नये, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. टीमला मॅनेजर हवा होता. भाऊजींचं आणि शेठचं जुनं गिऱ्हाईकपण होतं. बेसबॉल येतो का, असं शेठनी विचारलंच नाही, आणि भाऊजींनी सांगितलं नाही. व्हिसा लागला.

त्या संध्याकाळी भाऊजी माझ्याकडे मिठाई घेऊन आले. "वहिनी, तुम्ही कॉलेजात तो बॉल फेकायचात ना? मला जरा खेळ समजावून सांगा."

हा माझा मर्मबिंदू. मी जळगावच्या कॉलेजात सॉफ्टबॉलची पिचर होते, हे या घरातल्या भिंतींनाही पाठ आहे. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि मनात असं की महाराष्ट्रात आपल्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. माझ्या चेंडूला समोरच्या मुलींची बॅट लागत नसे, हे मी अभिमानाने सांगते. चेंडू बॅटच्या गावालाच जात नसे, हे सांगत नाही. एकदा तो प्राचार्यांच्या स्कूटरच्या दिव्यावर गेला, आणि माझी कारकीर्द तिथेच उजळली. तरीही त्या दिवशी मी भाऊजींना टेबलावर चार वाट्या मांडून खेळ समजावला: या चार बेस, हा पिचर चेंडू फेकणार, हा बॅटने मारणार, मारला की वाट्यांना वळसा घालून घरी यायचं, की एक रन. "म्हणजे सगळा खेळ फेकणाऱ्याच्या खांद्यावर," भाऊजी म्हणाले. तेवढं मात्र त्यांना बरोबर कळलं होतं, आणि पुढे तेवढंच नडलं.

मैदान होतं औद्योगिक भागाच्या मागे, अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या शेडच्या पलीकडे. पहिल्या मॅचला आम्ही घरचे सगळे गेलो. फ्लेमिंगोज हरले. भाऊजी म्हणाले, वारा फार होता. दुसऱ्या मॅचला वारा नव्हता. म्हणाले, हवाच नव्हती हो, चेंडू उडणार कसा? तिसरी खोर फक्कानला होती. डोंगर ओलांडून सगळे गेले आणि हरून आले. "डोंगरातल्या वळणांनी पोरांची पोटं बिघडली." प्रत्येक वेळी कपाळ टिपून शेवटचं वाक्य ठरलेलं: "सीझन आत्ता तर सुरू झालाय. अजून लवकर आहे."

बॅटिंगची तऱ्हा तर विचारू नका. पोरं धिप्पाड, एकेकाचा दंड माझ्या मांडीएवढा, आणि बॅट फिरवली की नुसता वारा. मुकादमशेठ म्हणायचे, "या लोकांना माझ्या दुकानात पंख्याच्या जागी ठेवतो." पहिल्या मॅचला थोडे तरी रन झाले होते; पुढे दर मॅचला ते आटत गेले, उन्हाळ्यातल्या विहिरीसारखे. मग शेठच्या मुलाने एक सल्लागार आणला. तो लॅपटॉपवर रंगीत रेघा दाखवून म्हणाला, की आपली मुलं चेंडू मारतात उत्तम, फक्त तो लागत नाही. भाऊजींनी हे वाक्य गंभीरपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "वहिनी, हुशार माणूस आहे. म्हणजे निम्मं काम झालंच आहे."

टीमची सगळी भिस्त होती मिगेलवर. कॅरिबियनमधल्या कुठल्याशा बेटावरचा हा उंच, हसरा पिचर. त्याचा चेंडू दिसायचा नाही, फक्त ऐकू यायचा. समोरच्यांनी रन केले नाहीत तर आपण निदान हरणार तरी नाही, असा भाऊजींचा हिशेब. ते त्याला जावयासारखं जपायचे. आणि जावयाला जपायचं म्हणजे काय करायचं, तर सणाला बोलवायचं. पाडवा आला. मंडळाची शोभायात्रा एका शाळेच्या आवारात, परवानगी घेऊन, भिंतीच्या आतल्या आत गोल फिरणारी. भाऊजी मंडळाच्या ढोलपथकाचे जुने आधारस्तंभ. ते मिगेलला घेऊन आले. आम्ही बायकांनी त्याला भगवा फेटा बांधला, श्रीखंड खाऊ घातलं. तो ढोलाकडे टक लावून बघत होता. भाऊजींचा ऊर भरून आला. "परदेशी पाहुण्याला ढोल देणं म्हणजे मान असतो," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या कमरेचा ढोल सोडून त्याच्या कमरेला बांधला आणि टिपरू त्याच्या उजव्या हातात दिलं.

काय वाजवला हो त्या पोराने! रक्तातच ताल. पथकातल्या पोरींनी रिंगण धरलं, ताशांनी वेग घेतला, मिगेल घामाने निथळतोय, फेटा सुटून गळ्यात आलाय, आणि थांबायला तयार नाही. "भाऊजी, आता पुरे, उद्या मॅच आहे ना त्याची?" मी म्हटलं. भाऊजींचे डोळे मिटलेले, हात हवेत. म्हणाले, "अहो, अजून लवकर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिगेलला दात घासायला हात तोंडापर्यंत नेता येईना. डॉक्टरांनी विचारलं, खांद्याला हे कशामुळे झालं? भाऊजी म्हणाले, "कल्चरल." डॉक्टरांनी त्यांच्या दीर्घ अनुभवात असा आजार ऐकला नव्हता. मी निरगुडीचं तेल आणि ओव्याची पुरचुंडी पाठवली. खेळाडूंच्या खोलीला बाळंतिणीच्या खोलीचा वास यायला लागला. मग रोगाची साथच आली. दुसऱ्या पिचरचं कोपर धरलं, तिसऱ्याची पाठ सामान उचलताना गेली, चौथा जोरात शिंकला आणि त्याची मान वळेना. बाकावर सगळे शेक घेत रांगेत बसलेले. ईरा म्हणाली, "आजी, दे आर ऑल ऑन वन लेग." खरंच, नाव सार्थ झालं होतं.

आता शेठ काय करणार, हीच काळजी. टीम बंद झाली की भाऊजींचा व्हिसा गेला, हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं. एका दुपारी भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, देऱ्याला येता? एकट्याला शेठसमोर जायला बरं वाटत नाही." आम्ही बसने गेलो. शेठनी खजूर पुढे केले, माझ्या मनगटावर कुठलंसं अत्तर लावलं, आणि मग कपाळाला हात लावला.

"काका, मी रत्नागिरीचा माणूस. माझ्या आजोबांच्या होड्या बुडाल्या, पण त्यांच्यावर कुणी हसलं नाही. माझ्यावर अख्खा देरा हसतोय. हरता हरता दुकान बंद केलं, तर मेल्यावरही हसतील. एक मॅच जिंकून दाखवा हो मला. फक्त एक. मग बघतो मी काय करायचं ते."

बाहेर आल्यावर भाऊजी धक्क्यावरच्या होड्यांकडे बघत उभे राहिले. चेहरा एकदम वीस वर्षांनी तरुण. "ऐकलंत वहिनी? एक जिंकली की झालं! पुढच्या सीझनची सोय झाली म्हणायची." मला शेठचं 'मग बघतो' जरा खटकलं होतं. पण भाऊजी इतके खुशीत होते, की मी म्हटलं, इन्शाल्ला.

घरच्या मैदानावरची शेवटची मॅच आली. गर्दी जमावी म्हणून शेठच्या मुलाने 'कुटुंबाचा दिवस' काढला. मॅच सुरू व्हायच्या आधी एखाद्या पाहुण्याने पहिला चेंडू फेकायचा, असा त्या खेळातला रिवाज आहे. भाऊजींनी माझं नाव दिलं. "महाराष्ट्राच्या माजी पिचर," अशी घोषणा झाली. मी नऊवारी नेसून, पायात ईराचे बूट घालून मैदानात उतरले. आमच्या निखिलने, म्हणजे माझ्या मुलाने, बजावलं होतं, "आई, प्लीज, हळू टाक. खांदा सांभाळ." मी मनात म्हटलं, तुला काय माहीत तुझी आई कोण होती!

समोर प्रेक्षकांना हसवायला फ्लेमिंगोचं सोंग नाचत होतं: गुलाबी पिसं, हे एवढं मोठं डोकं, वाकडी चोच, चेहऱ्यावर कायमचं हसू. एरवी ते सोंग घालणारा मुलगा गरमीला कंटाळून नोकरी सोडून गेला होता, म्हणून आत भाऊजी होते. हे मला माहीत नव्हतं. मी हात मागे नेला, जळगावची ती रिबिनवाली पोरगी आठवली, आणि फेकला. पोरगी काडीचीही बदलली नव्हती. चेंडू झेलणाऱ्याच्या बाजूलाही गेला नाही. थेट फ्लेमिंगोच्या गुडघ्यावर. ज्या गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून लवकर होतं, त्याच.

फ्लेमिंगो आडवा झाला. पिसांतून आवाज आला, "अगं आई गं!" आणि तो आवाज मी ओळखला. प्रेक्षक मात्र उठून टाळ्या वाजवत होते. आमच्या टीमकडून इतका नेमका फटका त्यांनी सबंध सीझनमध्ये पाहिला नव्हता. भाऊजींना उचलून बाकावर नेलं आणि बाकीच्या जखमी पिचरांच्या रांगेत बसवलं. मी धावत गेले. "भाऊजी, लागलं का हो फार?" ते गुडघ्यावर बर्फ धरून म्हणाले, "वहिनी, हात अजून आहे हं तुमचा."

मॅच कसली ती! इकडे रन नाही, तिकडेही रन नाही. फेकायला कुणी उरला नाही म्हणून आमच्याकडून एक लांबचा क्षेत्ररक्षक फेकत होता, आणि समोरच्यांचं नशीब इतकं फुटकं, की त्यांना तोही मारता येईना. ऊन उतरलं. शेजारच्या शेडमधले कामगार सुटून कुंपणाशी येऊन उभे राहिले. शेवटची इनिंग, आणि त्यातही शेवटची पाळी आमची. समोरचा पिचर थकला. त्याचे चेंडू भरकटायला लागले. चार भरकटले की मारणाऱ्याला पहिली बेस फुकट, म्हणून आमची तीन पोरं बॅटही न हलवता तिन्ही बेसवर जाऊन उभी राहिली. मुकादमशेठ गाडीची किल्ली हातात घेऊन उठले. "चला. आता आपलेच लोक मारायला जाणार. खलास."

"शेठ, बसा," भाऊजी म्हणाले. "अजून लवकर आहे."

पुढचा चेंडू आमच्या पोराच्या थेट पाठीत बसला. धप्प! तो कळवळून खाली बसला. या खेळात आणखी एक नियम आहे: चेंडू अंगावर लागला, तर ज्याला लागला त्याला पहिली बेस फुकट मिळते. पहिलीवरचा दुसरीवर सरकतो, दुसरीवरचा तिसरीवर, आणि तिसरीवरचा घरी. म्हणजे एक रन. म्हणजे आम्ही जिंकलो! हात चालले नाहीत, बॅट चालली नाही, शेवटी पाठ कामाला आली. अख्खा सीझन मार खाल्ला, त्याचं एकदाचं फळ मिळालं.

मग जे काय झालं! मिगेल एका हाताने कुणाचा तरी डबा ढोलासारखा बडवायला लागला. भाऊजींनी फ्लेमिंगोचं डोकं पुन्हा चढवलं आणि लंगडत, एका पायावर नाचत मैदानात गेले. शेठ रडत होते. त्यांनी फ्लेमिंगोला घट्ट मिठी मारली.

"अल्हम्दुलिल्ला! काका, इज्जत राखलीत माझी! आता कोण हसतो बघू. जिंकून बंद करतोय म्हणावं. उद्याच टीम विकतो, खलास, सुटलो एकदाचा!"

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. सोंगाचं ते भलंमोठं डोकं शेठच्या खांद्यावर टेकलेलं, चोचीवरचं हसू जसंच्या तसं. आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं. थोड्या वेळाने आतून बारीक आवाज आला, "शेठ, अजून..." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते वाक्य अर्धं सोडलं. फ्लेमिंगोने मान हलवली, शेठची पाठ थोपटली, आणि कुंपणाजवळच्या मुलांशी हात मिळवायला लंगडत निघून गेला. डोकं मात्र त्या दिवशी त्यांनी बराच वेळ काढलं नाही.

विमानतळावर सोडायला आम्ही सगळे गेलो. फ्लेमिंगोचं डोकं त्यांना पुण्याला न्यायचं होतं. काउंटरवरच्या मुलीने आधी डोक्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि गोड आवाजात नाही म्हणाली. ते डोकं त्यांनी माझ्या हातात दिलं. "वहिनी, असू द्या. लागेल." निखिल घाई करत होता, "काका, चला, गेट बंद होईल." भाऊजींनी घड्याळाकडे बघितलं. मग वाकून माझ्या पाया पडायला लागले, तर गुडघा वळेना, म्हणून मीच हात धरला. तो गुडघा माझ्याच कर्तृत्वाचा.

पुण्याला पुतण्याकडे त्यांचं बरं चाललंय म्हणतात. पुतण्या फोनवर तक्रार करत होता, की काका घड्याळ भारताच्या वेळेला लावायलाच तयार नाहीत. मनगटावर अजून दुबईच, म्हणजे दीड तास मागे. तो म्हणतो, काका, नऊ वाजले, जेवायला चला. काका मनगट पुढे करतात. त्यांचे साडेसातच झालेले असतात.

ते डोकं आमच्या शारजाच्या गॅलरीत आहे. उन्हाने गुलाबी रंग उडून पांढुरकं झालंय, चोचीचा एक कोपरा तुटलाय. हल्ली निखिल म्हणत असतो, "आई, तुझा पण व्हिसा यंदा रिन्यू करायचा की नाही, ते एकदा ठरव. जळगावला मामा आहे, तुला तिथे बरं वाटेल. आणि आधी ते गॅलरीतलं धूड फेकून देऊ." काल सुट्टी बघून तो खरंच मोठी काळी पिशवी घेऊन आला. मी पुढे होऊन डोक्यात वाकून बघितलं. आत मानेच्या बाजूला काड्या, दोऱ्याचे तुकडे आणि भाऊजींच्या रुमालाची एक चिंधी गोळा करून एक कबुतर अंड्यांवर बसलं होतं. माझ्याकडे बघून त्याने डोळा मिचकावला नाही की ते हललं नाही.

"काय आई, उचलू?" निखिलने विचारलं.

"थांब रे," मी म्हटलं. "अजून लवकर आहे."